आजोबांच्या विकिपीडिया पानात घरच्यांनी हात घालावा का?

कृष्णाकाठ:
मंडळी, जरा सल्ला हवाय. माझे आजोबा संगीत नाटकांना ऑर्गनची साथ करायचे, सांगली-मिरजेकडच्या जुन्या लोकांना नाव माहितीय. त्यांच्यावर मराठी विकिपीडियावर कुणीतरी छोटं पान केलंय, आमच्यापैकी कुणी नाही. त्यात जन्मतारीख १ जून १९३१ आहे, म्हणजे शाळेच्या दाखल्यावरची, आणि ही १ जूनची भानगड इथे सगळ्यांना माहितीच असेल, मास्तरांनी नाव घालताना टाकून दिलेली. घरात पत्रिका आहे त्यात आश्विन पौर्णिमा शके १८५२, म्हणजे १९३० ची कोजागिरी. मला खरं तर तेवढंच बदलायचंय, पण बाबा म्हणतात लिहितोच आहेस तर सगळे सत्कार टाक आणि 'ऑर्गनचे जादूगार' पण लिही, आणि आत्याला नाटक कंपनीच्या मालकांशी झालेल्या भांडणाचं वाक्य काढून हवंय. घरच्यांनी लिहिलं की उडवतात म्हणे, खरंय का?

धूळपाटी:
घरचे म्हणून सरसकट उडवत नाहीत. इंग्रजी विकिपीडियाचं धोरण असं आहे की जवळच्या माणसाबद्दल स्वतः लिहिणं टाळा, बंदी नाही पण अजिबात पसंत करत नाहीत. शुद्धलेखन, कुणी घातलेला धुडगूस, हे बिनधास्त नीट करा. बाकीचं चर्चा पानावर (प्रत्येक लेखाला जोडलेलं, बदलांबद्दल बोलायचं पान) 'मी यांचा नातू' असं आधीच सांगून मागायचं, सोबत संदर्भ द्यायचा आणि बदल दुसऱ्या कुणाला तरी करू द्यायचा. मराठीतही हेच करा.
तारखेचं म्हणाल तर दाखला काय नि पत्रिका काय, दोन्ही घरातलेच कागद, वाचणाऱ्याला तपासता येत नाहीत. कुठे छापून आलेलं, पेपरातला लेख वगैरे, असं काही आहे का? भांडणाच्या वाक्याला संदर्भ नसेल तर तो मागा, न मिळाल्यास वाक्य जाईल. संदर्भ असेल तर मात्र आत्यांना सांगा की ते राहणार. 'जादूगार' विसरा.

नाक्यावरचा:
अहो पण मराठीत चर्चा पान बघतंय कोण, मागणी वर्षभर तशीच पडून राहील!! चुलतभावाच्या अकाउंटवरून करून टाक, कुणाला कळतंय.

धूळपाटी:
@नाक्यावरचा कळतं हो. इतिहास टॅबमध्ये प्रत्येक बदल राहतो. खुद्द विकिपीडियाचे सहसंस्थापक जिमी वेल्सनी २००५ मध्ये स्वतःच्याच पानावर लॅरी सँगरच्या सहसंस्थापक असण्याबद्दलचा मजकूर बदलला होता, ते लोकांनी शोधून काढलं आणि त्यांना जाहीर दिलगिरी व्यक्त करावी लागली. तिथे चुलतभावाची काय कथा. उत्तर नाही आलं तर चावडीवर, म्हणजे मराठी विकिपीडियाच्या सामायिक चर्चेच्या पानावर टाका, नाहीतर एखाद्या सक्रिय प्रचालकाच्या (ॲडमिनच्या) चर्चा पानावर सभ्यपणे विचारा.

पुणेरी_पाटी:
आणि कृपा करून 'पेज बनवून देतो' वाल्यांच्या नादी लागू नका. पैसे घेऊन लिहिणाऱ्याने ते जाहीर करायचं हे २०१४ पासून विकिपीडियाच्या वापरअटींतच आहे. २०१५ मध्ये इंग्रजीवर ३८१ खाती एका झटक्यात ब्लॉक केली होती, ही टोळी लोकांचे नाकारलेले लेख हेरायची, पैसे घेऊन चढवायची आणि नंतर पान 'सांभाळायचे' वेगळे पैसे मागायची. बाबांना हे आवर्जून सांगा, हौशी माणसं तिथेच फसतात.

कृष्णाकाठ:
बापरे. बरं, आजोबांच्या पंचाहत्तरीला स्मरणिका काढली होती, त्यात कोजागिरीचा उल्लेख आहे. छापीलच आहे की ती. चालेल?

धूळपाटी:
काढली कुणी?

कृष्णाकाठ:
सत्कार समितीने. अध्यक्ष काका होते 😅

धूळपाटी:
हाहा. मग मोठेपणा सिद्ध करायला नाही चालणार, पण जन्मतारखेसारख्या साध्या गोष्टीला कदाचित चालेल. चर्चा पानावर पान क्रमांक द्या, समितीत काका होते हेही लिहा, आणि 'दाखल्यावर अमुक, स्मरणिकेनुसार तमुक' अशा दोन्ही तारखा ठेवायला सुचवा. आणि ऑर्गनवर बसलेला तुम्ही स्वतः काढलेला फोटो असेल तर कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या फोटोंच्या मुक्त भांडारात चढवा की, त्याला कुणाची हरकत नसते, फक्त तो मग कुणीही वापरू शकतो, अगदी धंद्यासाठीसुद्धा, हे घरी आधी विचारून घ्या.