रोरी गॅलहर मैफलीतच ऐकावा

आयरिश ब्लूज-रॉक गिटारवादक आणि गायक रोरी गॅलहरच्या स्टुडिओतल्या रेकॉर्ड ऐकल्या की पुरे, लाइव्ह अल्बम फक्त कट्टर चाहत्यांसाठी, हे मत मला अजिबात पटत नाही. रोरीच्या बाबतीत तर नेमकं उलटं आहे.

'आयरिश टूर '७४' लावून बघा. जानेवारी १९७४ मध्ये बेलफास्ट, डब्लिन आणि कॉर्कमधल्या कार्यक्रमांतून तो घडला. बेलफास्टमध्ये तेव्हा बॉम्बस्फोट चालू होते, बाहेरचे बँड तिकडे फिरकत नव्हते. हा मात्र जात राहिला. त्या शहरातल्या पोरांसाठी ती रात्र काय असेल, या विचाराने मला अजूनही भरून येतं.

त्यातलं 'अ मिलियन माइल्स अवे' ऐका. १९७३ च्या 'टॅटू' अल्बममध्ये ते सातेक मिनिटांचं आहे, इथे साडेनऊच्या आसपास. मधे सगळा बँड आवाज खाली आणतो, गिटार जवळजवळ कुजबुजते, आणि मग तो एकेक सूर चढवत नेतो. आपल्याकडे गवई बढत करतो ना, अगदी तसं. ही उसंत त्याला समोर श्रोते असल्यावरच मिळायची. जेरी मॅकअ‍ॅव्हॉयचा बेसही कान देऊन ऐका, गिटार मोकळी सुटते ती त्याच्या भरवशावर.

आणि ती त्याची १९६१ ची स्ट्रॅटोकास्टर गिटार! कॉर्कच्या दुकानातून साधारण शंभर पौंडांना, उधारीवर घेतलेली. रंग उडून आतलं लाकूड दिसायला लागलं, तरी त्याने ती सोडली नाही.

सुरुवात करणाऱ्याने १९७२ चा 'लाइव्ह इन युरोप' आधी घ्यावा. स्टुडिओ अल्बम नंतर.