शब्दचर्चा : ‘एग्रीजियस’ आणि त्याचा गोतावळा

प्रगत इंग्रजी शब्दांच्या याद्यांमध्ये ‘एग्रीजियस’ हमखास भेटतो आणि त्यासमोर बहुधा ‘अत्यंत वाईट’ एवढाच अर्थ दिलेला असतो. हा अर्थ चुकीचा नाही. परंतु तेवढ्यावर विसंबून एखाद्याने वाईट हवामानाला हा शब्द लावला, तर वाक्य व्याकरणाच्या दृष्टीने शुद्ध असूनही इंग्रजीच्या जाणकाराला खटकेल. ज्या वाईटपणाला कोणीतरी जबाबदार आहे आणि जो इतका ढळढळीत आहे की त्याकडे डोळेझाक करता येत नाही, अशा वाईटपणासाठी हे विशेषण आहे. म्हणून ते चूक, उल्लंघन, गैरवर्तन अशा अर्थाच्या नामांच्या सोबतीने येते. ‘एग्रीजियस एरर’ला आपला ‘घोडचूक’ चपखल बसतो; ‘व्हायोलेशन’च्या आधी तेच विशेषण आले, की मात्र ‘उघडउघड आणि अक्षम्य’ असे दोन शब्द खर्चावे लागतात.

याची व्युत्पत्ती फार बोलकी आहे. लॅटिनमध्ये ‘ग्रेक्स’ म्हणजे कळप आणि ‘ए’ म्हणजे बाहेर. तेव्हा मूळ अर्थ ‘कळपातून वेगळा उठून दिसणारा’ असा होतो. सोळाव्या शतकातल्या इंग्रजीत हा शब्द थोर माणसाच्या गौरवासाठीही वापरला जात असे, आणि पुढे उपरोधिक वापरामुळे त्याला निंदेचा अर्थ चिकटला असे मानले जाते. मराठी माणसाला ही वाट अनोळखी वाटू नये, कारण ‘प्रताप’ आणि ‘दिवे लावणे’ यांचे आपण नेमके हेच केले आहे. त्याच कळपातून ‘काँग्रिगेट’ (एकत्र जमणे), ‘सेग्रिगेट’ (वेगळे काढणे), ‘अ‍ॅग्रिगेट’ (एकत्र मिळवून झालेली बेरीज) आणि ‘ग्रेगेरियस’ हे शब्दही निघाले आहेत. हे एकदा ध्यानात आले, की पाच सुटे शब्द पाठ करण्याऐवजी एक घराणे ओळखीचे होते, आणि ओळखीची माणसे विसरणे अवघड असते.

व्युत्पत्तीवर सगळा भार मात्र टाकू नये. ‘मेटिक्युलस’च्या मुळाशी लॅटिन ‘मेटुस’, म्हणजे भीती, आहे, पण आज कोणाच्या कामाला हे विशेषण लावले तर ते काम काटेकोर, बारकाईने केलेले आहे अशी दादच दिलेली असते.

‘डिसइंटरेस्टेड’ची गोष्ट निराळी. ‘इंटरेस्ट’ म्हणजे रस आणि ‘इंटरेस्ट’ म्हणजे हितसंबंधही. न्यायाधीश ‘डिसइंटरेस्टेड’ असावा, म्हणजे निकालात त्याचा स्वतःचा काही हितसंबंध नसावा. तो ‘अनइंटरेस्टेड’ असेल, तर युक्तिवाद चालू असताना त्याचे लक्षच नसेल. सतराव्या शतकात हे दोन शब्द नेमके उलट अर्थांनीही वापरलेले आढळतात आणि आजही बरेच लोक पहिला दुसऱ्याच्या जागी वापरतात. तरीही लिहिताना हा भेद सांभाळावा असे माझे ठाम मत आहे, कारण तो पुसला गेला तर एक उपयुक्त शब्द हातचा जातो.

शब्द लक्षात का राहत नाहीत, या तक्रारीचे उत्तरही इथेच असावे असे मला वाटते. स्मरणशक्तीवरचे आपले प्रयोग १८८५ साली प्रसिद्ध करणारे हर्मान एबिंगहाउस यांनी पाठांतरासाठी मुद्दाम अर्थहीन अक्षरगट निवडले होते, म्हणजे आधीच्या ओळखीची मदत होऊ नये. आणि अर्थपूर्ण कविता पाठ करायला त्यांना त्या मानाने सुमारे एक दशांशच श्रम पडले. यादीतला सुटा शब्द आणि त्याचा एकशब्दी अर्थ ही जोडी त्या अक्षरगटांच्या फार जवळची आहे. त्यामुळे माझ्या वहीत शब्दापुढे आधी त्याच्यासोबत येणारी दोन नामे, मग वाचनात आलेले एक पूर्ण वाक्य आणि सर्वांत शेवटी मराठी अर्थ असतो. पुष्कळदा तोवर अर्थ लिहिण्याची गरजच उरलेली नसते.

‘ग्रेगेरियस’पुढे मात्र ती जागा अजून रिकामी आहे. ‘समाजप्रिय’ हा शब्द मला कोरडा वाटतो. ‘माणसांत रमणारा’ यात अर्थाची ऊब उतरते, पण तो एक शब्द नव्हे, आणि पक्ष्यांच्या थव्याला तो लावता येत नाही, जे इंग्रजी शब्दाला सहज जमते. माणूस आणि पक्षी दोघांनाही शोभेल असा मराठी शब्द कोणाला ठाऊक असल्यास अवश्य सांगावा.