'२ पियानोज, ४ हँड्स' – पियानो शिकणाऱ्या मुलीला न्यावं का?

मिसिसागाची_आई
कन्या अकरा वर्षांची. टोरांटोच्या रॉयल कॉन्झर्व्हेटरी या संगीतसंस्थेची पियानोची पाचव्या लेव्हलची परीक्षा या उन्हाळ्यात देतेय, त्यामुळे रोज संध्याकाळी घरात महाभारत. "स्केल्स झाल्या?" "झाल्या." "मग मला कशा ऐकू आल्या नाहीत?" (स्केल्स म्हणजे आपल्या सरगमसारखा बोटांचा रियाज.) आमच्या जवळच्या थिएटरात हे नाटक लागतंय. कॉमेडी आहे म्हणतात, पण त्यातली दोन्ही पोरं शेवटी पियानिस्ट होत नाहीत असंही कानावर आलं. परीक्षेच्या तोंडावर हे दाखवू का? की आम्ही नवराबायकोच जाऊन यावं?

जुना_टोरांटोकर
बिनधास्त न्या, ताई. मी २०२२ साली टोरांटोच्या रॉयल अलेक्झांड्रा थिएटरात मूळ जोडीचाच प्रयोग पाहिला: टेड डिक्स्ट्रा आणि रिचर्ड ग्रीनब्लॅट. १९९६ मध्ये टॅरागन थिएटरला पहिल्यांदा झालेलं, दोघांनी मिळून लिहिलेलं, आणि गोष्टही त्यांच्याच लहानपणाची.

स्टेजवर दोन ग्रँड पियानो आणि दोन माणसं, बास. एक जण पोरगा झाला की दुसरा त्याचा मास्तर, बाप नाहीतर परीक्षक. वेशांतर वगैरे भानगड नाही. खांदे पाडले, आवाज बारीक केला की साठीतला माणूस आठ वर्षांचा. सुरुवातीला टेलकोट घालून ऐटीत येतात आणि नुसतं बसण्यावरून असा घोळ घालतात, की बाखचा डी मायनर कॉन्चेर्टो (एक सोलो वाद्य आणि ऑर्केस्ट्रा यांची रचना) सुरू व्हायच्या आत लोक हसायला लागलेले असतात. आणि वाजवतात खरंखुरं, रेकॉर्डिंग लावून नव्हे. एक सोलो धरतो, दुसरा अख्खा ऑर्केस्ट्रा.

प्रॅक्टिसवरून आईबाप मागे लागतात त्या प्रसंगांना तुमची लेक तुमच्याकडे बघून हसणार, तयारी ठेवा. मध्ये एका स्पर्धेत दोघं एकाच पियानोवर ग्रीग या संगीतकाराची रचना वाजवतात, ते तर तिला फार आवडेल. सतराव्या वर्षी मात्र एक जण कॉन्झर्व्हेटरीत ऑडिशनला जातो, दुसरा जॅझच्या शिक्षणासाठी ऑडिशनला, आणि दोघांनाही सभ्य भाषेत नकार मिळतो. तिथे माझ्या आजूबाजूचे पालक एकदम चिडीचूप. पोरांना त्याचं काही नव्हतं. त्यांना सतरा म्हणजे म्हातारपण!

मध्यमा_पास_पुणे
नाटक पाहिलेलं नाही, पण आमच्याकडचं सांगते. गांधर्व महाविद्यालयाच्या गाण्याच्या परीक्षांत प्रारंभिकला, म्हणजे पहिल्या पायरीला, आमचा वर्ग खच्चून भरलेला असायचा, वरच्या विशारदला उरायच्या त्या बोटांवर मोजण्याइतक्या. मी मधल्या मध्यमा परीक्षेनंतर सोडलं. आई अजून पाहुण्यांसमोर "हिचा आवाज काय होता" म्हणून सुरू करते आणि मी चहा टाकायला उठते. या विषयावर कुणी दोन तास हसवत असेल तर मी आईलाच घेऊन जाईन.

ब्रॅम्प्टन_पियानोवाली
मी पियानो शिकवते, म्हणून जरा वेगळं मत. नाटक दाखवा, पण परीक्षेनंतर. शेवटाची भीती म्हणून नव्हे हो. पाचव्या लेव्हलला बसवलेल्या रचना, स्केल्स, साइट रीडिंग (न पाहिलेली रचना लगेच वाचून वाजवणं), कानाची परीक्षा, शिवाय सर्टिफिकेट हवं तर थिअरीचा वेगळा पेपर. आधीच पोरं पिचलेली असतात, त्यात परीक्षकाची नक्कल डोक्यात बसली तर खोलीत खऱ्या परीक्षकासमोर फिसकन हसू फुटायचं. आमच्या एका विद्यार्थ्याचं झालंय.

आणि ताई, साठ मार्कांना पास असतं. नव्वदच हवेत असं घरात रोज कोण म्हणतं, ते आधी बघा.

मिसिसागाची_आई
नव्वदवालं घरात कोण म्हणतं ते इथे लिहीत नाही, तो पण हा धागा वाचतो. परीक्षेनंतरच्या शनिवारची तीन तिकिटं बघते. पुढच्या रांगेतली घेऊ का?

जुना_टोरांटोकर
छे, पुढे नको. दोन्ही पियानो समोरासमोर असतात, खालून एकाचेच हात दिसतात. बाल्कनीची घ्या. स्वस्त पडतात आणि चारही हात दिसतात.