शब्द हवा आहे : शेवंतीचा चहा, काढा की पाणी? (आणि ऊलाँगला 'आंबवलेला' म्हणावं का?)

गोकर्ण :
माझी धाकटी बहीण तैवानमध्ये शिन्चूला असते. तिने तिथले सहा-सात चहा पाठवलेत. रविवारी वाचनगटात ते सगळ्यांना करून द्यायचेत आणि प्रत्येक किटलीपुढे मराठीत दोन-तीन ओळींची चिठ्ठी ठेवायची आहे. दोन ठिकाणी अडलेय. एक म्हणजे ऊलाँग. जिथे तिथे 'अर्धवट आंबवलेला चहा' असं लिहिलेलं सापडतं आणि ते वाचलं की डोळ्यांपुढे इडलीचं पीठ येतं. दुसरं म्हणजे वाळवलेल्या शेवंतीच्या फुलांची पुडी आणि 'छिंगत्साव छा' असं नाव असलेली पाल्याची पुडी. दोन्हींत चहाचं पानच नाही. 'वनौषधी चहा' लिहिवत नाही. काय लिहू?

सुपारीचं पान :
'आंबवलेला' नकोच, ताई. चूक मुळात चिनीतूनच आली आहे. चहाच्या बाबतीत ते 'फाज्याव' म्हणतात आणि पीठ फुगतं त्यालाही हाच शब्द. पण ऊलाँगमध्ये जंतूंचं काही काम नसतं. वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं ना, तीच क्रिया. पानं आधी कोमेजू देतात, मग बांबूच्या मोठ्या सुपांत पुन्हापुन्हा घोळवतात. कडा खरचटतात, तिथे हवा लागून त्या तांबूस होतात आणि मधला भाग हिरवा राहतो. हवा तेवढा रंग आला की तापलेल्या कढईत किंवा फिरत्या पिंपात पानं परततात. त्या पायरीचं नाव 'षाछिंग', म्हणजे हिरवेपणा मारणं. वांगी आपण पाण्यात टाकून थांबवतो, ते आचेने थांबवतात.
त्यांच्याकडे अशा पानाला 'हिरवं पान, लाल किनार' म्हणतात. मी तर 'तांबड्या काठाचं हिरवं पान' असंच लिहीन. साडीचा काठ ज्याला कळतो त्याला ऊलाँग एका ओळीत कळेल. शास्त्रीय शब्द हवाच असेल तर 'अंशतः ऑक्सिडीकरण झालेला'.

वाळा :
ऊलाँग या शब्दाबद्दल थोडं. चिनी उच्चार 'वूलुंग'च्या जवळचा आहे. 'वू' म्हणजे कावळा, त्यावरून काळा, आणि 'लुंग' म्हणजे ड्रॅगन. मराठीत 'ऊलाँग' रुळलंय, ते राहू द्या. आजच्या चिनी बोलण्यात 'वूलुंग' म्हणजे घोटाळा, चुकामूक असाही अर्थ आहे. फुटबॉलमध्ये स्वतःच्याच जाळ्यात मारलेल्या गोलालाही हाच शब्द. चहाच्या चिठ्ठीत त्याची गरज नाही, पण शब्दचर्चेत सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

गोकर्ण :
बहिणीने पाठवलेल्यांत एक थिएग्वानयिन आहे आणि एक 'पोंगहोंग'. यांचे अर्थ कोणी सांगेल का?

वाळा :
थिएग्वानयिन फुजियान प्रांतातल्या आनशीचा. 'थिए' म्हणजे लोखंड. आणि ग्वानयिन म्हणजे आपला अवलोकितेश्वर, बौद्धांचा करुणेचा बोधिसत्त्व! चीनमध्ये तो स्त्रीरूपात पुजला जातो. ग्वानयिन या नावाचा अर्थ 'आवाजाकडे, हाकेकडे पाहणारी' असा होतो, कारण जुन्या संस्कृत पोथ्यांत 'अवलोकितस्वर' असं रूप होतं. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी तोच. चिठ्ठीत 'लोहदेवी' वगैरे करू नका, 'लोखंडी ग्वानयिन, म्हणजे अवलोकितेश्वर' असं लिहा. आपल्या लेण्यांतलं नाव चहाच्या पुडीवर भेटतंय, ते लपवू नये.
पोंगहोंग तुमच्या बहिणीच्या शिन्चू भागातलाच, बेइपू आणि अमेइ इथला. 'वाऱ्याने फुगलेला' असा शब्दशः अर्थ, म्हणजेच फुशारकी. तुडतुड्यांनी रस शोषलेली पानं एका शेतकऱ्याने चढ्या भावाने विकली आणि गावाला ती थाप वाटली, अशी गोष्ट सांगतात. तुडतुडे लागले की झाड स्वतःच्या बचावासाठी काही सुगंधी द्रव्यं तयार करतं, त्यातून मधासारखा वास येतो. म्हणून त्या मळ्यांत कीटकनाशक मारत नाहीत. दुकानात याचंच नाव 'पूर्वेची सुंदरी'. मला फुशारकीचा चहा हेच नाव आवडतं.

निर्गुडी (वैद्य) :
दुसऱ्या प्रश्नावर. आपल्याकडे यासाठी नेमके शब्द आहेत. शार्ङ्गधरसंहिता या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात एक भाग औषध, सोळा भाग पाणी, आटवून आठवा हिस्सा ठेवायचा, तो क्वाथ, म्हणजे काढा. चौपट गरम पाणी ओतून मुरवून गाळलं तर फांट. सहापट गार पाण्यात रात्रभर भिजवलं तर हिम. शेवंतीवर गरम पाणी ओतता, म्हणून तो फांट. छिंगत्साव उकळतात, म्हणून काढा. पद्धतीवरून नाव द्या.

सुपारीचं पान :
वैद्यबुवा, पटलं, पण 'फांट' वाचून रविवारी कोणालाच काही कळणार नाही. आणि चिनी लोकही इतके काटेकोर नाहीत. औषधाच्या काढ्याला त्यांचा खास शब्द 'थांग' आहे. तरीही दक्षिण चीनमधल्या ग्वांगडाँग प्रांतात तासन्‌तास उकळलेल्या कडू पाल्याला 'ल्यांगछा', म्हणजे थंड चहा म्हणतात. तो गरमही पितात. सब्जा थंड, पपई उष्ण म्हणतो ना आपण, त्या अर्थाने थंड. तिथला वांगलाओजी हा ल्यांगछा १८२८ पासूनचा सांगितला जातो. आपणही गवताला 'गवती चहा' म्हणून बसलोच आहोत. 'चहा' हा शब्द पानापुरता कधीच उरला नाही.

रानजाई :
आणि आपण घरात बोलतो तो शब्द कसा विसरलात सगळे? धन्याचं पाणी, जिऱ्याचं पाणी, बडीशेपेचं पाणी! तान्ह्या बाळापासून आजीपर्यंत सगळ्यांना कळतो. 'शेवंतीचं पाणी' लिहा.

निर्गुडी (वैद्य) :
'शेवंतीचं पाणी' म्हटलं की मला देवघरातल्या निर्माल्याचं तांब्यातलं पाणी आठवतं. 'फुलांचं' आलं की अडचण होते.

रानजाई :
ते खरं. मग 'वाळवलेल्या शेवंतीचं गरम पाणी' म्हणा. देवाला वाहिलेली फुलं कोणी वाळवून उकळत्या पाण्यात घालत नाही.

गोकर्ण :
दोन चिठ्ठ्या अशा केल्यात :
'शेवंती : वाळवलेल्या फुलांवर गरम पाणी ओतून पाच मिनिटं झाकून ठेवलंय. यात चहाचं पान नाही. साखर घालण्याआधी एकदा तशीच चाखा.'
'थिएग्वानयिन : तांबड्या काठाचं हिरवं पान. उकळू नये. ही तिसऱ्या पाण्याची, म्हणजे त्याच पानांवर तिसऱ्यांदा ओतलेल्या पाण्याची वाटी आहे. घोट गिळल्यावर थोडं थांबा, आवळ्यावर पाणी प्यायल्यासारखं घशात गोड होतं.'
चिनीत या परतून येणाऱ्या गोडीला 'ह्वेइगान' म्हणतात, असं बहिणीने कळवलंय. मराठीत एका शब्दात कोणाला सुचलं तर रविवारच्या आत सांगा.