५०० जीबीवरून २ टीबीवर जायचंय: पत्रिकांचे फॉन्ट आणि आज्जीच्या ओव्या न हरवता कसं न्यायचं?

नंदगडची लेक

नमस्कार मंडळी. घरच्या कंप्युटरची ५०० जीबीची हार्डडिस्क भरत आलीय. बेळगावात खडेबाजारातनं २ टीबीची नवी आणून ठेवलीय, अजून डबा फोडलेला नाही. विंडोज १० आहे.

यात आहे काय ते आधी सांगते, म्हणजे तुम्हाला अंदाज येईल. मी घरातच लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं कंपोझ करते. आमच्या खानापूर तालुक्यात एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड अशी पत्रिका बरीच लागते, कारण सोयरीक बैलहोंगल-धारवाडकडे होते. मराठीला जुने, युनिकोड नसलेले फॉन्ट, कन्नडला नुडी हे टायपिंगचं सॉफ्टवेअर आणि त्याचे फॉन्ट. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "थोरलीची केलीसा तशीच धाकटीची करा." मग जुनी फाइल उघडलीच पाहिजे.

दुसरं सामान याहून मोलाचं. आज्जीच्या जात्यावरच्या ओव्या आणि गावच्या भजनी मंडळाच्या कॅसेट मी वेव्ह फाइल करून चढवल्यात. तासाला सहाशे एमबी खातात, त्यानंच डिस्क भरली. आज्जी आता नाही. कॅसेटना बुरशी धरलीय, परत वाजतील असं वाटत नाही. म्हणजे ओव्या आहेत त्या याच डिस्कवर.

एका दुकानात विचारलं तर म्हणाले, "विंडोज नवीन मारू, डेटा कॉपी करू, संध्याकाळी घेऊन जावा." माझ्या जावेचं असंच केलं होतं. फाइल्स सगळ्या आल्या, फॉन्ट एकही आला नाही. पत्रिका उघडली की गणपतीच्या श्लोकाच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि कंस. म्हणून आधी इथं विचारते. अलीकडं ओव्यांचा फोल्डर उघडताना कंप्युटर मध्येच थबकतो, तेही लिहून ठेवते. पावसात लाईटीचा भरवसा नाही, यूपीएस आहे पण बॅटरी जुनी.

टिळकवाडी

ताई, नवी डिस्क जोडायची घाई करू नका. फोल्डर उघडताना थबकतंय म्हणता, तिथनं सुरुवात करू. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते चालवा आणि तीन ओळी बघा: ०५, सी५ आणि सी७. ०५ म्हणजे खराब झालेले, बदली जागा दिलेले सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे छोटे कप्पे. सी५ म्हणजे वाचताना अडलेले, निकाल लागायचे राहिलेले सेक्टर. सी५ मध्ये आकडा असेल तर डिस्क आजारी आहे. मग क्लोन, म्हणजे सबंध डिस्कची जशीच्या तशी नक्कल, करायचा नाही; विंडोजचं डिस्क तपासायचं चेकडिस्क तर मुळीच नाही. चेकडिस्क अशा डिस्कला आणखी रगडतं. आधी ओव्या दुसरीकडं उतरवायच्या, मग पत्रिका, विंडोज सगळ्यात शेवटी. विंडोज परत मिळतं.

सी५ शून्य असेल तर तुमच्यासाठी क्लोनच बरोबर. जावेच्या बाबतीत काय झालं ते सांगतो. जुन्या फॉन्टमधली फाइल आतून मराठी नसतेच. आत इंग्रजी अक्षरांचे नंबर असतात, फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. फॉन्ट गेला की श्लोक गेला. आणि फॉन्ट डी ड्राइव्हवर नसतात. काही सी ड्राइव्हमध्ये विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरात, तर विंडोज १० मध्ये एकाच युजरपुरते टाकलेले त्या युजरच्या ॲपडेटाच्या आत. तो फोल्डर लपलेला असतो. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स उचलून नेणाऱ्याला तो दिसतच नाही. क्लोन केला की फॉन्ट, नुडी, कीबोर्डची मांडणी, प्रिंटरची सेटिंग, सगळं आपोआप येतं.

कंपोझिंगच्या सॉफ्टवेअरला यूएसबीचं लॉक असेल तर काळजी नाही. पण काही सॉफ्टवेअर हार्डडिस्कच्याच सिरीयल नंबरवर बांधलेली असतात, ती क्लोननंतर अडतात. कंपनीला आधीच फोन करून विचारा, लगीनसराईत नको. विंडोजचं लायसन्स मदरबोर्डशी जोडलेलं असतं, डिस्क बदलल्यानं ते जात नाही.

क्लोनझिला हे क्लोन करायचं सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवर टाकून त्यावरनं कंप्युटर सुरू करा. त्याआधी कंट्रोल पॅनलमधल्या पॉवर ऑप्शन्सात जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करा. नाहीतर विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं, आणि क्लोनझिला त्या पार्टिशनला हात लावत नाही. नवी डिस्क कंप्युटरच्या आतच साटा केबलला जोडा. मोठी साडेतीन इंची डिस्क नुसत्या यूएसबी केबलवर चालत नाही, तिला १२ व्होल्ट वेगळे लागतात. शिवाय यूएसबी २ वर तीन-चार तास जातील तेच आत दीड तासात होईल. लाईट जाणाऱ्या गावात हा फरक मोठा.

क्लोनझिला विचारेल, कुठून कुठं. इथं घाई करू नका. डिस्कचा आकार आणि मॉडेल नंबर कागदावर लिहून समोर ठेवा. ५०० ही जुनी, २००० ही नवी. उलटं झालं तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर चढेल.

झालं की कंप्युटर बंद करा, जुनी डिस्क काढून टाका आणि मगच पहिल्यांदा नवीवर सुरू करा. दोन्हींची डिस्क सिग्नेचर, म्हणजे विंडोज डिस्क ओळखतं ती खूण, एकच असते. दोन्ही जोडलेल्या राहिल्या तर विंडोज एकीला ऑफलाइन ठेवतं. तुम्ही ती ऑनलाइन केलीत की तिची सिग्नेचर बदलते, मग तिच्यावरनं कंप्युटर सुरू व्हायला अडतो. परत फिरायची वाट तीच एक, ती मोडू नका.

निपाणीकर

क्लोनला माझा विरोध नाही, पण २ टीबीच्या फिरत्या डिस्कवर विंडोज कशाला? २४० जीबीची एसएसडी, म्हणजे न फिरणारी, वेगवान डिस्क घ्या, सी ड्राइव्ह तिकडं, पत्रिका-ओव्या नव्या डिस्कवर. माझ्या वडिलांच्या तंबाखूच्या वखारीतल्या जुन्या मशीनला असंच केलं, टॅली पटकन उघडायला लागलं.

एक मात्र बरं झालं, २ टीबीच घेतलीत. जुन्या मशीनची डिस्क बहुधा एमबीआर, म्हणजे पार्टिशनची नोंद ठेवायच्या जुन्या पद्धतीची असते, तिला २.२ टीबीच्या पुढचं दिसत नाही. ४ टीबी आणली असती तर क्लोननंतर जवळजवळ अर्धी वाया दिसली असती, जीपीटी या नव्या पद्धतीत बदलत बसावं लागलं असतं. आणि विंडोजमध्ये १.८१ टीबीच दिसेल. घाबरू नका, दुकानदारानं फसवलेलं नाही. कंपनी हजारात मोजते, विंडोज १०२४ मध्ये.

नंदगडची लेक

दोघांचेही आभार. बघितलं. ०५ शून्य, सी५ शून्य. सी७ च्या ओळीत मात्र आकडा आहे, आणि ओव्यांचा फोल्डर उघडला की तो वाढतो. हे काय?

दादा, एसएसडीचं पटतंय, पण तुळशीचं लग्न झालं की मला श्वास घ्यायला वेळ नसतो. आता एकच बदल करते.

टिळकवाडी

ताई, बातमी चांगली आहे. सी७ म्हणजे डिस्क आणि मदरबोर्डच्या मध्ये, वाटेत होणारी चूक. दोष बहुतेक करून साटा केबलचा असतो. नवी केबल घाला, दुसऱ्या पोर्टला लावून बघा. जुना आकडा पुसला जाणार नाही, तो वाढायचा थांबला पाहिजे. थांबल्याशिवाय क्लोन करू नका.

आणि यूपीएसची बॅटरी आधी बदला. मध्येच लाईट गेली तर जुनीचं काही बिघडत नाही, तिच्यावर आपण लिहीत नाही. पण पहिल्यापासून सगळं करावं लागेल.

नंदगडची लेक

केबल बदलली, आकडा जिथल्या तिथं थांबला. बॅटरी नवी घातली. क्लोन झाला, नवी सुरू झाली. कामाची मराठी-कन्नड पत्रिका पहिल्यांदा उघडली: श्लोक जागेवर, नुडीही जागेवर, जोडाक्षरं नीट. मग ओव्या. फाइल नुसती दिसली यावर मी समाधान मानलं नाही, प्रत्येक कॅसेटची सुरुवात, मधला भाग आणि शेवट ऐकला. जात्याची घरघर, मध्येच आज्जीचं खोकणं, सगळं आहे.

डी ड्राइव्ह मात्र जुन्याच मापाची दिसतेय. वाढीव जागा शेवटी काळ्या पट्टीत, अनअलोकेटेड म्हणून. ती कशी घ्यायची? आणि जुनी डिस्क पुसून बॅकअपला वापरू का?

टिळकवाडी

डिस्क मॅनेजमेंटमध्ये डी वर राइट क्लिक, एक्सटेंड व्हॉल्यूम, नेक्स्ट, नेक्स्ट. काळी पट्टी डी ला चिकटून आहे म्हणून हे सरळ होतं. सी वाढवायची असती तर मध्ये डी आडवी आली असती, तिथं पार्टिशन सरकवणारं जीपार्टेड हे सॉफ्टवेअर लागलं असतं. तुम्हाला गरज नाही.

जुनी पुसू नका. आहे तशी कागदात गुंडाळून, कोरड्या डब्यात, दुसऱ्या घरी ठेवा. कॅसेटना बुरशी धरते त्याच कपाटात नको.

नंदगडची लेक

माहेर चंदगडला आहे, पण तिथं पाऊस आमच्याहून जास्त. धाकटी बहीण बेळगावच्या शहापुरात राहते, तिच्याकडं देते. पुढच्या आठवड्यात बेळगावला यायचंच आहे, तेव्हा ओव्यांची आणखी एक कॉपी तिच्या लॅपटॉपवर उतरवते.

निपाणीकर

उतरवताना पेन ड्राइव्ह फॅट३२ या जुन्या पद्धतीनं फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीच्या वरची फाइल घेणार नाही. एक्सफॅट किंवा एनटीएफएस करून घ्या. भजनी मंडळाच्या सबंध रात्रीची एकच फाइल असेल तर तिथंच अडेल.