डिस्क नसलेला कन्सोल घेण्यापेक्षा पीसी घ्या

चकतीवाला

ओळखीपाळखीत कुणी पीएस५, म्हणजे सोनीचा टीव्हीला जोडून गेम खेळायचा कन्सोल, घ्यायला निघालं की प्रश्न ठरलेला असतो: डिस्कवाला घेऊ की डिजिटल, म्हणजे गेम फक्त डाउनलोड करायचा? डिजिटल स्वस्त, म्हणून बरेच जण तिकडे वळतात. भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये पीएस५ आला तेव्हा भाव ४९,९९० आणि ३९,९९० होते. पुढे ते ५४,९९० आणि ४४,९९० झाले, पण मधला फरक तेव्हाही दहा हजारांचाच राहिला. माझं मत असं की आपल्याकडे कन्सोल परवडतो तो डिस्कमुळेच. ती काढून टाकली तर पैशाच्या हिशेबात कन्सोलच्या बाजूने बोलण्यासारखं फारसं उरत नाही. मग सरळ पीसी घ्यावा.

सोनीचा स्वतःचा नवा गेम ४,९९९ ला मिळतो. समजा डिस्क घेतली, महिन्याभरात कथा संपवली आणि गेम ताजा आहे तोवर साडेतीन हजारांच्या आसपास विकली. गेम पडला दीड हजाराला. किंवा थोडं थांबून दुसऱ्याची वापरलेली डिस्क घेतली, संपवली, जवळपास त्याच भावात पुढे दिली. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात हे वर्षानुवर्षं चालू आहे. ज्यांचं महिन्याचं बजेटच हजार-दीड हजार आहे, अशी कितीतरी पोरं यावरच मोठमोठे गेम खेळली आहेत.

डिजिटलवाल्याला मात्र एकच दुकान. भाव ते ठरवणार, सेल कधी लावायचा तेही तेच ठरवणार. आणि डाउनलोड सुरू केलं की, गेममध्येच खोट निघाली तर गोष्ट वेगळी, एरवी पैसे परत मिळत नाहीत. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर मिळतात. गेम आवडेल की नाही हे कळायला दोन तास पुष्कळ झाले.

पीएस५ प्रो या जास्त ताकदीच्या मॉडेलने तर कहर केला. नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत ७०० डॉलरला आला आणि आत डिस्क ड्राइव्हच नाही, ती वेगळी विकत घ्या! आपल्याकडे सहा गिगाहर्ट्झ वायफायला परवानगी नव्हती म्हणून तो तेव्हा आलाच नाही, हा भाग निराळा. पण कंपन्यांची पावलं कुठे चालली आहेत ते यातून दिसतं, आणि गिऱ्हाइकाने त्याला मान डोलवू नये असं मला मनापासून वाटतं.

एफपीएसवेडा

शीर्षक पटलं, पण पीसीची बाजू तुम्ही अर्धीच मांडलीत. डिस्कवाला कन्सोलसुद्धा घेऊ नये असं मी म्हणेन.

ऑनलाइन खेळायचं तर पीएस प्लस ही सोनीची वर्गणी लागते. फोर्टनाइटसारखे फुकट गेम सोडले, तर विकत घेतलेला गेम चार मित्रांसोबत खेळण्यासाठी दरवर्षी वर्गणी भरायची. म्हणजे गेमचे पैसे दिले, इंटरनेटचे दिले, आणि दोन्ही जोडायचे पुन्हा वेगळे. पीसीवर ही भानगड नाही. त्याहून मला खटकतं ते सेव्हचं, म्हणजे गेममध्ये कुठवर आलो त्याच्या नोंदीचं. पीएस५ गेमचा सेव्ह सुटा पेनड्राइव्हवर काढून ठेवता येत नाही, अख्ख्या मशीनचा बॅकअप घ्यावा लागतो. क्लाउडवर ठेवायचा तर पुन्हा पीएस प्लस. मशीन बंद पडलं आणि बॅकअपही नसेल, वर्गणीही भरलेली नसेल, तर शंभर तासांची मेहनत त्याच्यासोबत गेली. स्टीम बहुतेक गेमसाठी हेच काम फुकट करतं.

कंट्रोलरचंही तेच. डाव्या काडीला हात न लावता खेळाडू एका बाजूला सरकायला लागला की समजायचं, काडीची हालचाल मोजणारा आतला पोटेन्शिओमीटर घासला गेलाय. पीएस५ चा नवा कंट्रोलर, ड्युअलसेन्स, इथे ५,९९० ला आला होता. घरात पीएस४ चा कंट्रोलर धडधाकट पडलेला असला तरी पीएस५ चे गेम त्यावर चालत नाहीत. पीसीला यूएसबीचा साधा कंट्रोलर जोडा, चुंबकावर चालणाऱ्या हॉल इफेक्ट काड्यांचा घ्या, कोणी अडवत नाही.

आणि इंजिनिअरिंगच्या पोराला संगणक घ्यावाच लागतो. मग खरा प्रश्न फक्त ग्राफिक्स कार्डच्या पैशांचा आहे. सोनीचे गेमही आता पीसीवर येतात.

गोदाकाठ

येतात, पण कधी? गॉड ऑफ वॉर एप्रिल २०१८ मध्ये पीएस४ वर आला आणि पीसीवर जानेवारी २०२२ मध्ये. जीटीए ५ चं तेच, कन्सोलवर सप्टेंबर २०१३, पीसीवर एप्रिल २०१५. जीटीए ६ सुद्धा पीएस५ आणि मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स सिरीज या कन्सोलसाठीच जाहीर झालाय. शिवाय आल्यावर नीट चालेल याची खात्री कुठे असते? मार्च २०२३ मध्ये द लास्ट ऑफ अस पीसीवर आला तेव्हा लोक शेडर, म्हणजे ग्राफिक्सचे छोटे प्रोग्राम, तयार होण्याची वाट बघत बसले होते आणि नंतर गेमही अडखळत होता.

मी नोकरी आणि घर सांभाळून रात्री साडेदहानंतर खेळते. मिळतो तो तासभर. त्यात मला ड्रायव्हर, सेटिंग, कुठला पर्याय कमी केला की फ्रेम, म्हणजे सेकंदाला दिसणारी चित्रं, वाढतात, यात पडायचं नाही. बटण दाबलं की काल जिथे थांबले तिथून गेम सुरू होतो, यासाठी मी आनंदाने पैसे देते. पीसीवाले कायम पैशांचा हिशेब करतात, वेळेचा कोणी करत नाही. आणि ‘फक्त ग्राफिक्स कार्ड’ म्हणताना पॉवर सप्लाय, कॅबिनेट, चांगला मॉनिटर हे कुणाच्या खात्यात टाकायचं? टीव्ही घरात आधीपासून असतो.

एफपीएसवेडा

ताई, वेळेचा मुद्दा मान्य. पण टीव्ही फुकट कसा धरला? साध्या टीव्हीवर १२० फ्रेम दिसत नाहीत. त्यासाठी तसाच टीव्ही लागतो आणि तो महाग पडतो.

गोदाकाठ

६० फ्रेममध्ये माझं उत्तम चाललंय.

खानदेशी

तिघंही शहरात बसून बोलताय, म्हणून लिहितो. आमच्या तालुक्याच्या गावी वापरलेली डिस्क घेणारं दुकान नाही आणि विकत घेणारं गिऱ्हाईकही नाही. ऑनलाइन मागवली तर कुरिअरचा खर्च, चरे पडलेली आली तर भांडत बसा. पैसे आधी पाठवून डिस्क न आल्याचा अनुभव माझ्या चुलतभावाला आहे. तुमचा दीड हजाराचा हिशेब लॅमिंग्टन रोडपासून लोकलच्या अंतरावर राहणाऱ्यांचा आहे.

मी एक्सबॉक्स सिरीज एस घेतला. तो आला तेव्हा ३४,९९० चा होता. डिस्क नाहीच. एक वर्गणी भरली की ढीगभर गेम. तालुक्यात फायबर आल्यापासून रात्री डाउनलोड लावून झोपतो. आमच्यासाठी डिजिटल हीच सोय आहे, त्याला चूक का म्हणता?

चकतीवाला

खानदेशी, तुमचा मुद्दा यातला सगळ्यात वजनदार आहे. दुकान जवळ नसेल तर डिस्कचा फायदा कमी होतो, हे उघड आहे. पण म्हणून तुमच्यासाठी डिजिटल कन्सोल बरा ठरतो, हे मात्र मला पटत नाही. वर्गणी त्यांच्या हातात असते. ऑक्टोबर २०२५ मध्ये एक्सबॉक्सची गेम पास अल्टिमेट ही वर्गणी अमेरिकेत महिन्याला १९.९९ ची २९.९९ डॉलर झाली. भरणं थांबवलं की ढीगभरातला एकही गेम उघडत नाही. म्हणजे भाड्याच्या घरासारखं, मालक म्हणेल ते भाडं. तुमच्या जागी मी जुन्या ग्राफिक्स कार्डाचा पीसी घेतला असता. एपिक हे पीसी गेमचं दुसरं ऑनलाइन दुकान २०१८ पासून फुकट गेम देतंय, आता दर आठवड्याला, आणि ते कायमचे तुमच्या खात्यात राहतात.

खानदेशी

जुनं कार्ड कुणाकडून घेऊ? वापरलेली डिस्क न मिळणाऱ्या गावात वापरलेलं ग्राफिक्स कार्ड मिळतं का? २०२१ मध्ये क्रिप्टो चलन मिळवण्यासाठी लोकांनी दिवसरात्र तापवलेली कार्डं नंतर बाजारात आली, ती ओळखायची कशी? शिवाय २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव कुठे गेलेत बघा. एआयच्या डेटा सेंटरांना माल पुरवायचा म्हणून मायक्रॉन या मेमरी बनवणाऱ्या कंपनीने क्रुशियल हा घरगुती ग्राहकांचा ब्रँडच बंद करायचं जाहीर केलं. कन्सोलवर निदान एका किमतीत सगळं आलं.

एफपीएसवेडा

रॅमबद्दल बरोबर आहे. ज्याच्याकडे पीसी आहे त्याने आहे त्यातच सध्या भागवावं. नवा जोडण्याची ही वेळ नाही.

गोदाकाठ

चकतीवाला, वाद चालू राहू द्या, पण एक सांगा. माझ्याकडे डिस्कवाला पीएस५ आहे आणि आजवर डिस्क नवीच घेत आले. वापरलेली घ्यायची तर बघायचं काय?

चकतीवाला

मागची बाजू उजेडात तिरकी धरून बघा. बारीक रेघा चालतात, खोल गोल चरा नको. भेग भोकाच्या कडेपासून सुरू होते, तिथे नखाने चाचपा. डिस्क कुठल्या देशाची आहे ते वेष्टनावर वाचा. गेम चालेल, पण नंतरचे डीएलसी, म्हणजे डाउनलोड करायचे जास्तीचे भाग, बहुतेक वेळा त्याच देशाच्या स्टोअरमधून घ्यावे लागतात. वेष्टनातला जास्तीच्या मालाचा कोड आधीच वापरलेला असणार, त्याचे पैसे देऊ नका. पीएस४ ची डिस्क स्वस्त मिळाली तर त्या गेमला पीएस५ ची मोफत सुधारित आवृत्ती आहे का ते स्टोअरवर बघा. पुष्कळांना आहे, फक्त खेळताना डिस्क आत असावी लागते. आणि खोक्यात खरंच डिस्क आहे की नुसता कोडचा कागद, हे पैसे देण्याआधी उघडून बघा.