घरातला प्लग पॉइंट बिघडला तेव्हा: तुमचे अनुभव लिहा

मोगरा, नौपाडा
काल शेजारच्या काकूंच्या स्वयंपाकघरात जळक्या बेकलाइटचा वास आला आणि एकदम बाबा आठवले. मिक्सरचा प्लग ओढला तर एक पिन काळवंडलेली, सॉकेटचं भोक कडेने पिवळं पडून वितळलेलं.

बाबा वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात वायरमन. गणपतीच्या आदल्या रात्री मखराची माळ लागेना, पंखाही बंद. टेस्टर मात्र दोन्ही भोकांत लागत होता! आई म्हणाली, डबल करंट येतोय की काय? बाबांनी पंख्याचं बटण बंद केलं, तर एका भोकातला टेस्टर विझला. म्हणाले, न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी वायर, तुटलीय; पंख्यातून फिरून फेजच, म्हणजे करंट आणणारी बाजू, दुसरीकडे येतेय. मेन बंद करून बोर्ड उघडला. स्क्रूखालची काळी वायर जळून सुटली होती. जळका तुकडा कापला, तांबं नव्याने सोललं, पिळलं, स्क्रू आवळला. माळ लागली.

टेस्टर लागला म्हणजे पॉइंट ठीक, असं नसतं. वस्तू चालत नसेल तर न्यूट्रल तपासायलाच हवी. तुमच्याकडे काय झालं?

ऐरोलीकर
गिझर. आधीच्या भाडेकरूंनी ६ अँपिअरच्या पॉइंटवर कन्व्हर्टर (मोठा प्लग छोट्या सॉकेटात बसवायचा जोड) लावून चालवलेला. २००० वॅट म्हणजे जवळजवळ ९ अँपिअर. प्लगला हात लावला तर चटका बसला. वायरमनने मीटरपासून ४ स्क्वेअर मिलिमीटरची वेगळी जाड वायर ओढून १६ चा पॉइंट करून दिला. मालकांनी अर्धे पैसे दिले, भले माणूस.

शेवंती_नेरूळ
सिडकोची जुनी बिल्डिंग. जुलै आला की हॉलच्या बाहेरच्या भिंतीला ओल, आणि त्याच भिंतीतल्या पॉइंटमुळे आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) पडायचा. फ्रिज बंद, दूध नासलं, सासूबाईंची इन्सुलिन शेजारी ठेवायला पळा. शेवटी त्या पॉइंटच्या वायरी बोर्डातून सोडवल्या तेव्हा आरसीसीबी टिकला. सोसायटी गच्चीचं वॉटरप्रूफिंग करेल तेव्हा करेल!! आमच्या वरच्या मजल्यावर तर छतातून पाणी ठिबकतं, तो विषय वेगळाच.

ठाणे_पूर्व
शेवंती, आमच्याकडेही तेच. पॉइंट बाहेरच्या भिंतीवरून आतल्या भिंतीवर घ्या, केसिंग पट्टीतून. दिसायला बरं नाही दिसत पण सुखाची झोप लागते.

दादा_कोपरखैरणे
मोगराताई, बाबांकडे टेस्ट लॅम्प होता का? होल्डर, बल्ब, दोन वायरी? आमच्या उस्तादांचा जीव त्यावर. फेज आणि अर्थिंगमध्ये लागला, फेज आणि न्यूट्रलमध्ये नाही, की समजायचं न्यूट्रल गेली. पण आता घरोघरी आरसीसीबी आहेत. ते ३० मिलीअँपिअरला पडतात आणि ४० वॅटचा बल्ब १७० च्या आसपास ओढतो, म्हणजे अर्थिंगला लावला की घरभर अंधार. आता मल्टिमीटरच बरा. आणि सगळ्यांना हात जोडून सांगतो, मेन बंद केल्याशिवाय बोर्डाच्या स्क्रूला हात लावू नका. नुसतं बटण बंद पुरत नाही. बटण चुकून न्यूट्रलवर जोडलेलं असलं तर भोकात फेज तशीच उभी असते.

मोगरा, नौपाडा
हो दादा, होता! निळ्या दोऱ्याने गुंडाळलेला. आईने अजून ठेवलाय.

ऐरोलीकर
बाबा आहेत का गं अजून?

मोगरा, नौपाडा
नाहीत. बरीच वर्षं झाली.

शेवंती_नेरूळ
🙏 मखर कसलं केलं होतं गं?

मोगरा, नौपाडा
बांबू आणि क्रेप कागद. थर्माकोल बाबांना चालायचं नाही, माळेच्या दिव्यांनी पेट घेईल म्हणायचे.

घोडबंदर_आई
वाचतेय, कुकर लावलाय. लेक रांगायला लागलीय, खालचे सगळे पॉइंट झाकायचे आहेत. त्या प्लॅस्टिकच्या टोप्या ती ओढून काढते. काय करू?

दादा_कोपरखैरणे
वहिनी, शटरवाली सॉकेट बसवून घ्या. अर्थची लांब पिन आत गेल्याशिवाय खालची भोकं उघडत नाहीत. जुनी काढून त्याच बोर्डात बसतात बऱ्याचदा, माप बघून आणा.

घोडबंदर_आई
संध्याकाळी ह्यांना दुकानात पाठवते. दादा, मोगरा, दोघांचेही आभार. शिट्टी झाली, येते.